ब्लेझ पास्कल : यंत्र, मन आणि आत्मा



गेल्या दोनतीन वर्षांत एक प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. संगणक आता माणसासारखा बोलतो, पत्रे लिहितो, चित्रे काढतो, मुलांचा अभ्यास करून देतो. मग माणसात वेगळे असे उरले काय? मेंदू हेही एक यंत्रच असेल तर आत्मा कशाला म्हणायचे? प्रश्न विचारणारे सगळेच काही नास्तिक नसतात. नेमाने मिस्साला येणारी माणसेही हे विचारतात, आणि त्यांचे विचारणे प्रामाणिक असते.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने स्वतःच्या हातांनी आकडेमोड करणारे यंत्र घडवले, त्यालाही तो पडला होता. त्याचे नाव ब्लेझ पास्कल. आपल्या मुलांना हे नाव विज्ञानाच्या पुस्तकातून माहीत असते. दाब मोजण्याच्या एककाला त्याचे नाव आहे, वादळाच्या बातम्यांत ‘हेक्टोपास्कल’ हा शब्द येतो तोही त्याच्याच नावावरून. संगणकाच्या एका भाषेलाही १९७० साली त्याचे नाव दिले गेले. परंतु तो श्रद्धावंत कॅथलिक प्रापंचिक होता, जन्मभर आजारी होता आणि अवघ्या ३९ व्या वर्षी गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ या गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना आई वारली. वडील एत्येन पास्कल हे करखात्याच्या न्यायालयातील अधिकारी आणि स्वतः उत्तम गणिती. थोरली बहीण जिल्बर्त, धाकटी जाकलिन. वडिलांनी पुन्हा लग्न केले नाही. १६३१ साली ते मुलांना घेऊन पॅरिसला आले आणि त्यांना घरीच शिकवू लागले. त्यांची पद्धत थोडी जगावेगळी होती. आधी भाषा, मग गणित. गणिताची गोडी लागली तर मुलगा लॅटिन-ग्रीककडे पाहणार नाही, म्हणून त्यांनी गणिताची पुस्तके चक्क कुलपात ठेवली. मुलाने काय केले? कोळशाने फरशीवर रेघा आणि वर्तुळे काढत, त्यांना आपल्याच मनाची नावे देत, त्याने भूमिती स्वतःच शोधायला सुरुवात केली. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी होते, इथपर्यंत तो पोहोचला होता, असे जिल्बर्तने त्याच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. तेव्हा तो १२ वर्षांचा होता. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले आणि कुलूप निघाले. (पालकांनी यावरून मुलांची पुस्तके कुलपात ठेवू नयेत, प्रत्येक घरात पास्कल नसतो.)

सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर एक निबंध लिहिला. तो एवढ्या लहान मुलाने लिहिला आहे यावर मोठमोठ्या विद्वानांचा विश्वास बसेना. याच सुमारास वडिलांची नेमणूक रुआँ शहरी झाली. नॉर्मंडी प्रांतात करांविरुद्ध मोठा उठाव नुकताच मोडून काढला होता, आणि कर नव्याने ठरवण्याचे अवघड काम वडिलांच्या गळ्यात पडले. रात्र रात्र बसून बेरजा कराव्या लागत. तीही दशमान पद्धतीत नव्हे. एका लिव्रचे २० सोल आणि एका सोलचे १२ दनिये. आपल्यातील ज्या ज्येष्ठांनी १९५७ पूर्वीचे रुपये, आणे आणि पै यांचे हिशेब केले आहेत, त्यांना यातली डोकेदुखी वेगळी सांगायला नको. आपल्याकडेही एका आण्याच्या १२ पैच होत्या.

बापाचे कष्ट पाहून १९ वर्षांच्या मुलाने १६४२ साली यंत्र करायला घेतले. एक पितळी पेटी, तिच्यावर ओळीने चाके. चाक फिरवले की आतला आकडा पुढे सरकतो. खरी अडचण ‘हातचा’ घेण्याची होती. एका चाकाचा फेरा पूर्ण झाला की शेजारच्या चाकाने आपोआप एक घर पुढे जायला हवे, आणि अशी पाचसहा चाके एकदम सरकायची झाली तरी यंत्र अडकता कामा नये. पास्कलने त्यासाठी वजनाने खाली पडणारी एक छोटी खिटी बसवली. फेरा होत आला की ती उचलली जाई आणि पूर्ण होताच पडून पुढच्या चाकाला ढकली. लाकूड, हस्तिदंत, तांबे, काय काय वापरून त्याने सुमारे ५० नमुने केले. १६४९ मध्ये राजाकडून ते बनवण्याचा हक्क मिळाला. मात्र यंत्राची किंमत १०० लिव्र, त्यामुळे ते फारसे खपले नाही. त्याआधी एका जर्मन प्राध्यापकाने असे यंत्र रचण्याचा प्रयत्न केला होता, पण प्रत्यक्ष घडवून विकले गेलेले पहिले गणकयंत्र पास्कलचेच.

लोक थक्क झाले. जी विद्या माणसाच्या मनातच वसते असे सगळे धरून चालले होते, ती एका पेटीत उतरली होती. आज आपल्या मनात जे चालले आहे तेच त्यांच्याही मनात चालले असणार.

पास्कलने स्वतः यावर काय म्हटले? पुढे अनेक वर्षांनी केलेल्या एका टिपणात त्याने मान्य केले आहे की, कोणत्याही प्राण्याच्या करणीपेक्षा हे यंत्र विचाराच्या अधिक जवळ जाते. यंत्रकर्त्याने यंत्राला कमी लेखले नाही, हे लक्षात घ्या. पण त्याच टिपणात पुढे तो सांगतो की, प्राण्यांना असते तशी इच्छा या यंत्राला आहे असे म्हणता येईल, असे काहीही ते करत नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते. यंत्र बेरीज करते, पण बेरीज करावी असे त्याला वाटत नाही. समोर आलेला कर गरीब शेतकऱ्याचा आहे की सरदाराचा, याचे त्याला सोयरसुतक नाही. एत्येन पास्कल एखाद्या दुष्काळी गावाचा आकडा लिहिताना क्षणभर थबकू शकत होते, पेटी थबकू शकत नव्हती. हातचा घेणे आणि हात देणे यांत हा फरक आहे.

येथे थोडे तत्त्वज्ञान. त्याच काळचा थोर विचारवंत देकार्त याने माणसाचे दोन तुकडे केले: शरीर हे यंत्र, आणि त्यात बसलेले, विचार करणारे मन. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते आत्मा म्हणजे शरीराच्या गाडीत बसलेला चालक नव्हे. ज्याच्यामुळे हे शरीर जिवंत मानवी शरीर असते ते तत्त्व म्हणजे आत्मा. १३१२ साली व्हिएन येथील धर्मपरिषदेनेही हेच मांडले. म्हणून मेंदूत कोणता विचार कुठे उमटतो हे शास्त्रज्ञांनी दाखवले की आपली श्रद्धा डळमळण्याचे कारण नाही. डळमळते ती देकार्तची गाडी.

देकार्त आणि पास्कल १६४७ च्या सप्टेंबरात पॅरिसला भेटलेही. पास्कल तेव्हा आजारी होता. वयाच्या अठराव्या वर्षानंतर वेदनेवाचून आपला एकही दिवस गेला नाही, असे तो म्हणत असे. दोन महापंडित निर्वात पोकळीवर वाद घालत बसले, आणि शेवटी देकार्तने त्याला कंटाळा येईपर्यंत अंथरुणात पडून राहण्याचा व भरपूर सूप पिण्याचा सल्ला दिला!

निर्वात पोकळीचा हा वाद पुढच्या वर्षी एका डोंगरावर बराचसा मिटला. पाऱ्याने भरलेली काचेची नळी उलटी धरली की पारा ठरावीक उंचीवर थांबतो, हे इटलीच्या टॉरिचेलीने दाखवले होते. पास्कलचे म्हणणे, त्याला बाहेरची हवा दाबून धरते. तसे असेल तर उंचावर, जिथे वरची हवा कमी, तिथे पारा खाली यायला हवा. १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या मेव्हण्याने, फ्लोराँ पेरिए यांनी, क्लेरमाँजवळच्या प्वी द दोम या डोंगरावर नळी नेली. पारा तीन इंचांहून अधिक उतरला. दुसरी एक नळी पायथ्याशी मठाच्या बागेत ठेवली होती आणि एक मठवासी दिवसभर तिच्याकडे पाहत बसले होते; तिच्यातला पारा हलला नाही. विज्ञानाच्या इतिहासातील एका मोठ्या प्रयोगाचा पहारेकरी एक धर्मगुरू होता, हे श्रद्धा आणि विज्ञान यांचे जन्मजात वैर सांगणाऱ्यांना कळायला हवे.

आता दुसरी बाजू. १६४६ च्या जानेवारीत वडील बर्फावरून घसरले आणि त्यांचे खुब्याचे हाड निखळले. उपचारासाठी हाडवैद्य असलेले दोन भाऊ घरी येऊन तीन महिने राहिले. ते पोर-रोयाल मठाशी संबंधित भाविक चळवळीतले होते. त्यांच्यामुळे सारे कुटुंब प्रार्थनेकडे वळले. ही चळवळ बिशप यान्सेन यांच्या ग्रंथावर आधारलेली होती. तिच्यात कळकळ होती, पण तिचा देव कृपा देताना फारच हात आखडता घेणारा होता. १६५३ साली पोप इनोसंट दहावे यांनी त्या ग्रंथातील म्हणून मांडली गेलेली पाच विधाने निषिद्ध ठरवली, आणि ते योग्यच होते. पास्कलच्या स्वभावातला कडकपणा काही अंशी येथूनच आला. बहिणीने आपल्या मुलांना जवळ घेऊन कुरवाळणेही त्याला खटकत असे! या बाबतीत त्याचे अनुकरण कोणी करू नये.

१६५१ मध्ये वडील वारले. लगेच जाकलिन पोर-रोयालमध्ये धर्मभगिनी व्हायला निघाली. ब्लेझला ते नको होते. तो एकटा पडणार होता, आणि तिच्या वाट्याच्या पैशांवरूनही कुरबुर झाली. १६५३ साली त्याने तो वाटा दिला खरा, पण मनापासून की नाइलाजाने, देव जाणे. मग काही काळ तो श्रीमंत मित्रांत रमला. त्यातल्या एका जुगारी सरदाराने प्रश्न टाकला: खेळ अर्ध्यावर मोडला तर डावावरचे पैसे कसे वाटायचे? १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोघांच्या पत्रव्यवहारातून त्याचे उत्तर निघाले आणि संभाव्यतेचे गणित जन्मले. आजचा विमा त्यावर चालतो आणि बोलणारे संगणकही. त्याच वर्षी त्याने ज्यावर लिहिले तो अंकांचा त्रिकोण ‘पास्कलचा त्रिकोण’ म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे दहाव्या शतकात हलायुधाने तो ‘मेरुप्रस्तार’ या नावाने वर्णिला होता.

कीर्ती होती, पैसा होता, बुद्धीला तोड नव्हती. आणि मनात जगाचा वीट होता, देवाची ओढ मात्र वाटत नव्हती. हे त्याने मठातल्या बहिणीलाच सांगितले. तिने उपदेश न करता ऐकून घेतले.

२३ नोव्हेंबर १६५४, सोमवारची रात्र. साडेदहाच्या सुमारापासून साडेबारापर्यंत त्याला जो अनुभव आला, तो त्याने एका कागदावर तुटक शब्दांत टिपला. वर तारीख, आणि पोप व रक्तसाक्षी संत क्लेमेंट यांचा तो सण असल्याची नोंद. वेळही लिहिली, एखाद्या प्रयोगाची नोंद करावी तशी. त्या रात्री त्याला भेटला तो तत्त्वज्ञांनी सिद्ध केलेला देव नव्हता. अब्राहामला, इसहाकला, याकोबाला भेटलेला, येशू ख्रिस्ताचा देव होता. कागदावर अग्नी आहे, आनंद आहे, अश्रू आहेत. युक्तिवाद एकही नाही. मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, देवाच्या अस्तित्वाचे पुरावे पाठ केले, त्यांचे मोलही जाणतो. पण पुराव्याने कोणी रडत नाही.

या रात्रीबद्दल त्याने कुणालाही सांगितले नाही.

पुढे १६५६-५७ मध्ये त्याने टोपणनावाने १८ पत्रे लिहून जेज्विट धर्मगुरूंवर जळजळीत टीका केली. फ्रेंच गद्य या पत्रांनी घडवले असे म्हणतात; रोमने मात्र ती निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकली. टीका काही ठिकाणी बोचरी व खरी होती, पुष्कळ ठिकाणी अन्यायाची होती. काळाचा न्याय पाहा: १९ जून २०२३ रोजी, पास्कलच्या जन्माला ४०० वर्षे झाली तेव्हा, त्याच्या गौरवार्थ खास प्रेषितीय पत्र काढणारे पोप फ्रान्सिस स्वतः जेज्विट होते. मानवाची थोरवी आणि दैन्य, असे त्या पत्राचे लॅटिन शीर्षक आहे.

हीच दोन टोके पास्कलच्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथात आहेत. ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनार्थ एक मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून तो कागदाच्या मोठ्या तावांवर टिपणे करी, ती कापून दोऱ्यात ओवून ठेवी. मृत्यूनंतर १६७० साली ती ‘विचार’ या अर्थाच्या नावाने छापली गेली. त्यात तो माणसाला निसर्गातला सर्वांत दुबळा लव्हाळा म्हणतो. लव्हाळा म्हटले की आपल्याला तुकोबांचा लव्हाळा आठवतो, महापुरात झाडे जातात आणि तो नम्रपणे वाकून वाचतो. पास्कलचा लव्हाळा वाचत नाही. त्याला मोडायला पाण्याचा एक थेंबही पुरतो. पण आपण मोडतो आहोत हे त्याला कळते, आणि मोडणाऱ्या विश्वाला त्याचा पत्ताही नसतो. माणसाची सारी प्रतिष्ठा त्या कळण्यात आहे. माणूस स्वस्थ, एकटा बसू शकत नाही, सतत करमणूक शोधतो, कारण रिकाम्या खोलीत त्याला स्वतःचे दैन्य दिसते, असेही त्याचे एक निरीक्षण आहे. हे त्याने शिकार आणि पत्त्यांविषयी लिहिले. मोबाइल त्याने पाहिला नव्हता.

पण येथे एक शंका येते, आणि ती टाळून चालणार नाही. माणसाची प्रतिष्ठा विचारशक्तीत असेल, तर जिची स्मृती गेली आहे, जी स्वतःच्या मुलाला ओळखत नाही, त्या आजीचे काय? मतिमंद बालकाचे काय? गर्भातल्या जिवाचे काय? उलट, उद्या एखादे यंत्र आपल्यापेक्षा चांगला विचार करताना दिसले, तर त्याला आजीच्या वर बसवायचे का? हा प्रश्न आज रुग्णालयांत, न्यायालयांत, घराच्या मागच्या खोलीतही उभा आहे.

पास्कलने याचे उत्तर दोन प्रकारे दिले. एक लिहून. शरीराची पातळी, बुद्धीची पातळी आणि प्रीतीची पातळी अशा तीन पातळ्या त्याने सांगितल्या, आणि सगळी राज्ये व सगळे पांडित्य एकत्र केले तरी त्यातून प्रीतीची एक लहानशी कृती निघत नाही, असे प्रतिपादले. ती पातळी वेगळीच, देवाकडून येणारी. दुसरे उत्तर त्याने जगून दिले. १६५९ पासून आजार इतका वाढला की ज्या बुद्धीने युरोप दिपला होता ती चालेना. लेखन, सलग वाचन, फार काय सलग बोलणेही जमेना. तो स्वतःच मोडलेला लव्हाळा झाला. १६६१ च्या ऑक्टोबरात जाकलिनही गेली.

आणि नेमक्या याच काळात त्याचे लक्ष गरिबांकडे वळले. १६६२ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये त्याच्या कल्पनेतून घोडागाड्यांची सेवा सुरू झाली: ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, कोणीही बसावे, भाडे पाच सोल. शहरी बससेवेची ही सुरुवात. ब्ल्वा भागात दुष्काळ पडला होता. तिथल्या गरिबांना पाठवण्यासाठी त्याने नफ्यातला आपला वाटा आगाऊ मागितला. (दुर्दैव असे की पॅरिसच्या न्यायसभेने सैनिक, नोकर आणि मजुरांना या गाड्यांत बसायची बंदी घातली. त्याचे यंत्र जसे गरिबाला परवडले नाही, तशी गाडीही शेवटी मिळाली नाही.)

त्याने एका गरीब कुटुंबाला स्वतःच्या घरात आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या. जिल्बर्त भावाच्या शुश्रूषेला रोज येत असे, आणि तिच्या मुलांना लागण होण्याची भीती होती. मुलाला हलवा, असे कोणीही म्हणाले असते. पास्कलने ठरवले की आजारी मुलाला हलवणे धोक्याचे, मला कमी. तो स्वतःच घर सोडून बहिणीकडे गेला. त्या घरी तो परत आला नाही.

बहिणीकडे दुखणे विकोपाला गेले. तो ख्रिस्तशरीर मागत होता. आजार तितका गंभीर नाही म्हणून डॉक्टर नको म्हणत होते. तेव्हा त्याने वेगळीच मागणी केली. मस्तक जो ख्रिस्त तो मला मिळत नसेल, तर त्याच्या अवयवांशी तरी माझा सहभाग असू दे. एखादा गरीब रुग्ण या घरात आणा, माझ्या शेजारी ठेवा, आणि मला जी सेवा मिळते तीच त्याला द्या. हलवण्याजोगा रुग्ण कोणी मिळाला नाही. मग मलाच असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात न्या, मला गरिबांमध्ये मरायचे आहे, असे तो म्हणू लागला. डॉक्टरांनी तेही मानले नाही.

त्याचे धर्मग्रामगुरू फादर बरिए त्याला भेटत असत. वादांपासून आपण दूर झालो आहोत आणि पोप महोदयांचा अधिकार मानतो, असे त्याने सांगितल्याचे त्यांनी नंतर नोंदवले. त्यावरून पुढे वादही झाले. १७ ऑगस्टच्या रात्री झटके आले, सगळ्यांना वाटले संपले. तो थोडा शुद्धीवर आला तेव्हा फादर ख्रिस्तशरीर घेऊन आत आले. पास्कलने कोणाचा आधार न घेता अंथरुणात अर्धवट उठून बसण्याचा प्रयत्न केला आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना ख्रिस्तशरीर स्वीकारले. १९ ऑगस्ट १६६२ रोजी रात्री एकच्या सुमारास तो वारला. त्याच्याच धर्मग्रामाच्या, संत स्तेफनच्या चर्चमध्ये त्याला पुरले.

काही दिवसांनी कपडे आवरताना नोकराला त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात काहीतरी जाड लागले. शिवण उसवली तर आत घडी घातलेले चर्मपत्र आणि त्यात एक कागद. २३ नोव्हेंबर १६५४ च्या त्या रात्रीची नोंद. आठ वर्षे अंगरखा बदलला की तो आपल्या हाताने जुनी शिवण उसवून ती नव्यात शिवत असे.